शांत ग्रहावरची थोरली

"जो हलेल त्याला घरी पाठवीन!" दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला.

शांत ग्रहाचे रहिवासी पोपटी झगे घालून दगडासारखे उभे राहिले. थोरली पहिल्या रांगेत होती. सिनेमातल्या ह्या ग्रहावर म्हणे कुणी हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. तिला हसूच आलं. असल्या ठिकाणी माणसं दिवस काढतात तरी कशी?

समोरच्या धुरातून शत्रूची फौज निघाली. काळी चिलखतं, काळे टोप, तोंडं झाकलेली. त्यातच कुठेतरी तिची धाकटी जाऊ होती. गर्दी पुरवणाऱ्याने दोघींना एकाच गाडीत कोंबून आणलं होतं. सबंध वाट दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत होत्या. एका किसणीवरून बिनसलं होतं. थोरली म्हणे तू हरवलीस, धाकटी म्हणे तुम्ही. दारं समोरासमोर, पण वर्षभर अबोला. जी आधी बोलेल तिनेच किसणी हरवली, हे न बोलताच ठरून गेलं होतं. आणि थोरली कसली बोलतेय!

फौज जवळ आली. थोरलीच्या पुढ्यातला शिपाई अडखळला, गुडघ्यावर बसला. टोपातून घर्र घर्र ऐकू आलं. ही घरघर तिच्या ओळखीची होती. ह्याच पाठीवर तिने कितीदा तरी हात फिरवला होता.

तिने वर बघितलं. ग्रह वाचवायला येणारा नायक अजून तारेलाच लटकत होता. त्याच्याने काय व्हायचंय!

थोरली रांग मोडून धावली. टोप उपटला, चिलखताचे बंद सोडले, झग्याच्या बाहीने वारा घालू लागली.

"अगं, दमा असलेल्या बाईने डोक्यात बादली घालून धुरात शिरायचं असतं का? पंप कुठाय तुझा? अक्कल कुठे ठेवून आलीस?"

"कट!" दिग्दर्शक तणतणत आला. "अहो आजीबाई, ती शत्रू आहे!"

"असेल तुमची. माझी जाऊ आहे."

धाकटीने एक डोळा उघडला. श्वास अगदी सरळ चालला होता.

"आधी तुम्ही बोललात, ताई," ती हळूच म्हणाली आणि पट्ट्यात खोचलेला पंप दाखवला.

थोरलीने घाईघाईने आपली पोपटी बाही त्या पंपावर पसरली.

"झाक मेले तो! आणि अजून थोडं घरघर, लोक बघताहेत."