बाजूच्या बोटीची खरखर

सिलतऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं टर्बाइन सांभाळलेल्या बाबारावांनी फोन कानाशी दाबला. तिकडे समुद्रावर मोटरबोटींच्या शर्यतीला दहा मिनिटं उरली होती. त्यांच्या मेकॅनिक लेकीनं, गंधालीनं, आतला आवाज ऐकवायला त्यांचाच जुना पेचकस आपल्या बोटीच्या टर्बाइनला टेकवून त्याच्या मुठीशी फोन धरला होता. आवाज स्वच्छ होता. तिनं पेचकस उचलला, तशी मागून बारीक खरखर आली. बाबाराव फोनमध्ये ओरडले. “तुयं ठीक आहे, पोरी. बाजूच्या बोटीचं बेअरिंग गेलं. टर्बाइन फुटन ते!” “बाबा, ती दुश्मन टीम. म्हणतील, डर के रोक रही है.” “म्हणू दे. चालवणाऱ्याची माय टीव्हीपुढं बसली असन.” पावलं धावली. शिव्या ऐकू आल्या. मग खरखर कानाजवळ आली. पेचकस आता त्या बोटीच्या टर्बाइनला टेकला होता. “दीदी,” त्या बोटीवरचा परका आवाज म्हणाला, “मेरे को सुनने दो.” मग इंजिन बंद केल्याचा खटका ऐकू आला. खरखर मंदावत थांबली.