हातोडीचा आवाज

'पूल बंद' ही पाटी लागली त्या दिवशी तपासनीस बाईंना पहिली शिवी त्यांच्या सख्ख्या भावाने हासडली. तो ट्रक चालवायचा.

"ताई, एक भेग तरी दाखव! नवाकोरा रंग आहे. तुझ्यापायी आम्ही रोज चाळीस किलोमीटरचा वळसा घालायचा?"

बाईंनी त्याला पुलाखाली नेलं, शिडीवर चढवलं आणि तुळईवर हातोडी मारली. शाबूत काँक्रीट खणखणीत वाजतं. हे ढब वाजलं.

"आतून सुटलंय."

"हातोडीचं ऐकून रस्ते बंद करतात होय!" म्हणत तो उतरला. त्यानंतर सात महिने तो बहिणीशी बोलला नाही.

दुरुस्ती संपली. आता वाळूने भरलेले सहा ट्रक चोवीस तास पुलावर उभे करून तो किती वाकतो आणि ओझं उतरल्यावर किती सावरतो, ते मोजायचं होतं. ड्रायव्हर एकमेकांची तोंडं बघू लागले. बाईंनी खुर्ची उचलली आणि त्याच तुळईखाली जाऊन बसल्या. भावाने पहिला ट्रक पुलावर घातला.

दुसऱ्या दिवशी ट्रक उतरले. तुळईखाली लावलेल्या मापकाचा आठ मिलिमीटर खाली गेलेला काटा शून्यावर परतला. भाऊ धावत खाली आला, बाईंच्या हातातली हातोडी घेऊन शिडी चढला.

ठण्ण!

"ताई, वाजतोय गं!"

बाईंनी पाटी काढली, तरी अर्धा तास पुलावर एक गाडी आली नाही. सगळे ड्रायव्हर खाली शिडीपाशी रांगेत उभे होते. प्रत्येकाला एकदा हातोडी मारून बघायची होती.