जवळची खूण

रुग्णवाहिका कक्षात हेमलताबाई अकरा वर्षं फोन घेत होत्या. नव्या सॉफ्टवेअरच्या मागण्यांची यादी कक्षप्रमुखांनी परस्पर लिहून दिली होती, तरी ते बनवणारी मृदुला तीन दिवस बाईंशेजारी बसून फोन ऐकत राहिली.

"काकू, पिनकोड भरल्याशिवाय गाडी पाठवता येणार नाही, असं यादीत आहे. चालेल?"

"अगं, घाबरलेला माणूस पिनकोड सांगत नाही. 'टाकीमागचं घर' म्हणतो."

प्रमुख कुरकुरले, पण मृदुलाने पिनकोडऐवजी 'जवळची खूण' हा रकाना घेतला. पहिल्याच आठवड्यात 'वीटभट्टीसमोर' एवढ्याच पत्त्यावर गाडी पोहोचली आणि बाळ-बाळंतीण वाचली.

"हा रकाना कोणी सुचवला?" पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

मृदुलाने स्वतः सुधारलेली यादी दाखवली. त्या मागणीपुढे तिने 'सांगणारी: हेमलताबाई' असं लिहिलं होतं.

हेमलताबाई ताठ उभ्या राहिल्या. "ती मीच, साहेब."