ब्रेक उत्तम आहेत

“ब्रेक तापलेत, एवढंच म्हणायचं,” फ्राउ लोरेंझ म्हणाल्या. “नाट्य नको. हवामान सांगतात तसं सांगा.”

गौरांगने हेडफोनचा एक कान त्यांच्यासाठी सरकवला होता. तो पुन्हा लावून टाकावा असं त्याला वाटलं, पण टीमच्या मालकीणबाईंसमोर तसं करता येत नाही.

हॉकेनहाइमला सीझनची शेवटची शर्यत संपत आली होती. गौरांग ज्याचा इंजिनिअर होता तो ड्रायव्हर योनास सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याच्या शेपटाला चिकटून त्यांच्याच टीमचा फिन. असंच संपलं तर योनास चँपियन, फिन पुढे गेला तर फिन. फिनचे वडील टीमचे प्रायोजक होते. गाडीच्या बॉनेटपासून गौरांगच्या टोपीपर्यंत त्यांचंच नाव होतं. ‘साहेबांच्या मुलाला पुढे जाऊ दे’ असं रेडिओवर सांगायची सोय नव्हती, कारण रेडिओ टीव्हीवरून सगळा देश ऐकतो. म्हणून ब्रेक तापायचे होते, म्हणजे योनास आपणहून वेग कमी करेल.

गौरांगच्या पडद्यावर ब्रेकचे आकडे हिरवेगार होते.

“आणि नाही म्हटलं तर?”

“आल्झो, हे बघा, मुख्य इंजिनिअरची जागा एकच आहे,” फ्राउ लोरेंझ अगदी मायेने म्हणाल्या. “आणि माणसं पुष्कळ.”

ब्रेक किती तापलेत हे गाडीतल्या माणसाला पेडल पायाखाली मऊ पडेपर्यंत कळत नाही, आणि तोवर भिंत आलेली असते. आधी कळतं ते इंजिनिअरला. ड्रायव्हरच्या कानात बोलायचा हक्कही त्या एकट्याचा. न्युर्नबर्गच्या पावसात गौरांग ‘आत ये, टायर बदलू’ म्हणाला होता. बाकी कोणीच आत येत नव्हतं. योनास का म्हणून न विचारता आला आणि जिंकला. मग नियमाप्रमाणे पुढच्या शर्यतीला त्यांच्या गाडीत जादा वजन ठेवलं गेलं. चांगलं काम करणाऱ्यावर ओझं वाढवायची रीत गौरांगला चिंचवडच्या कंपनीपासूनच पाठ होती, त्यामुळे त्याला घरच्यासारखं वाटलं.

आज दसरा होता. सकाळी त्याने गाडीला हळदकुंकू वाहिलं. तांत्रिक निरीक्षकाने ‘याचा हवेच्या प्रवाहावर काही परिणाम?’ असं गंभीरपणे विचारलं आणि ते पुसायला लावलं. मग गौरांगने खिशातून गिंकोची पानं काढली. जर्मनीत आपटा मिळत नाही, पण गिंकोचं पान तसंच मधे चिरलेलं असतं आणि ऑक्टोबरात आपट्यापेक्षा जास्त सोन्याचं दिसतं. त्याच्या बायकोने, कादंबरीने, घराखालच्या झाडाची वेचून दिली होती. सगळ्या मेकॅनिकांनी रांगेत उभं राहून सोनं घेतलं. योनासने ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ एवढं घोकून म्हणून दाखवलं आणि आपलं पान हातमोज्यात सरकवलं.

“नको असेल तर परत देता येतं?” त्याने विचारलं होतं.

“अरे, एकमेकांना द्यायचंच असतं. फक्त दिलेलं नाकारायचं नाही.”

गौरांगने बटण दाबलं. “योनास, ब्रेक उत्तम आहेत. एकदम उत्तम. दाब बिनधास्त.”

सगळ्या देशाने ते ऐकलं. फ्राउ लोरेंझ चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

पुढच्याच वळणावर कानात योनासचा आवाज आला. “गौरांग, ब्रेक तापलेत.”

योनास बाहेरच्या बाजूला सरकला आणि फिन आतून निघून गेला.

गौरांगने पडद्याला चापट मारली. यंत्र खोटं बोलतंय, अशी त्याची खात्री झाली. माणसाबद्दल तशी शंकासुद्धा त्याला आली नाही. शर्यत संपली तसा तो धावत गाडीपाशी गेला. चाकाशी वाकलेल्या मेकॅनिकने वर बघितलं आणि खांदे उडवले. ब्रेकना काहीच झालं नव्हतं.

“लोरेंझने मला कालच सांगितलं होतं, फिनला पुढे जाऊ दे,” योनास हेल्मेट काढत हळूच म्हणाला. “बदल्यात पुढच्या वर्षीची गाडी देणार आहे. मी म्हटलं, गौरांगला मधे घालू नका, तो खोटं बोलणार नाही. ती म्हणाली, तेच तर बघायचंय.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तुला सांगितलं असतं तर तू रेडिओवर बोलला असतास.”

हे खरंच होतं.

तेवढ्यात टीव्हीवाले पोचले. योनासने माइकसमोर सराईत उसासा टाकला. “ब्रेक गेले. गौरांगला दोष देऊ नका, माणूस आहे, चुकतो.” माइक गौरांगकडे वळला. तुम्ही तर उत्तम म्हणाला होतात, नेमकं काय झालं?

एक खरं वाक्य बोललं की योनास संपला. वर्षभर गौरांगने याच माणसाला भिंतीपासून वाचवलं होतं. योनासने हातमोज्यातून ते पान काढलं. घामाने त्याची चिंधी झाली होती. दोन्ही हातांनी ते पुढे करत तो शुद्ध मराठीत पुटपुटला, “सोनं घ्या.”

गौरांगने घेतलं. सवयच होती.

“ब्रेक तापले होते,” तो माइकमध्ये म्हणाला. “माझ्या लक्षात आलं नाही.”

कॅमेरा पुढे गेल्यावर खांद्यावर हलकेच हात पडला.

“गेनाऊ! अगदी बरोबर! जमतं की तुम्हाला,” फ्राउ लोरेंझ म्हणाल्या. “सोमवारी या. मुख्य इंजिनिअर म्हणूनच या.”