आमच्या अकरा पिशव्या

“हे रक्त आपल्या देशात नाही, साहेब,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या गटाची माणसं असतील चार-दोन. साठवलेली पिशवी एकही नाही.”

परराष्ट्र खात्याचे उपसचिव वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. हातात लेकीचा चष्मा. नर्सने मघाशी आणून दिलेला. लेकीला आठवा महिना होता आणि बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी सरकली होती. सकाळी एकदा रक्त गेलं, मग थांबलं. पुन्हा सुरू झालं तर पोट उघडावंच लागणार होतं. हाताशी रक्त नसताना उघडलं तर आईही जाणार आणि बाळही. डॉक्टरीणबाईंनी हे बरंच मऊ करून सांगितलं, पण मऊ भाषेतला अर्थ काढण्यात उपसचिवांचा जन्म गेला होता.

“बाहेरच्या देशातून नाही का मागवता येत?” त्यांच्या बायकोने विचारलं.

“पूर्वी यायचं, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उपसचिवांकडे न बघता आत गेल्या.

पूर्वी म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत. नऊ देशांनी मिळून एक रक्तपेढी काढली होती. दुर्मिळ गटाचं रक्त गोठवून तिथे ठेवायचं. ज्याला लागेल त्याने फोन करायचा. बस्स, इतकं साधं. त्यातून बाहेर पडायचं पत्र उपसचिवांनी लिहिलं होतं. खात्यात त्यांना कलमबहाद्दर म्हणायचे, आणि ते ऐकून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. मंत्री नुसतं एवढंच म्हणाले होते, “आपण देतो जास्त, घेतो कमी. निघा बाहेर.” बाकीचा सगळा थाट यांचा. ‘आमच्या माणसांना आमचं रक्त पुरेसं आहे’ हे वाक्य यांचं. यापुढे कुठल्याही दवाखान्याने त्या पेढीला परस्पर फोन करायचा नाही, आधी खात्याची परवानगी मागायची, हा आदेशही यांचाच. आणि आमच्या अकरा पिशव्या परत करा, हे चौथं कलम तर कुणी मागितलंही नव्हतं. पत्राला वजन यावं म्हणून यांनी ते आपल्या मनाने घातलं.

पिशव्या आल्या. मुकाट्याने, बर्फात नीट बांधून आल्या. विमानतळावर कस्टमवाल्यांना प्रश्न पडला, परत आलेलं रक्त कुठल्या रकान्यात घालायचं? चार दिवस कागद इकडून तिकडे फिरला आणि खोकी जागची हलली नाहीत. सगळं वितळलं, फेकून द्यावं लागलं. फाइल उपसचिवांकडे आली तेव्हा त्यांनी खाली ‘पाहिले’ असं लिहून सही ठोकली होती.

ते उठले. जिन्याच्या वळणावर जाऊन त्यांनी फोन लावला. पेढीच्या प्रमुख बाईंचा नंबर त्यांच्याकडे होता. शेवटच्या बैठकीत याच बाईंना ते भर सभेत म्हणाले होते, “तुमचं हे धर्मादाय दुकान आम्हाला चालवायचं नाही.” तेव्हा मागून कुणीतरी हसलं होतं आणि यांना बरं वाटलं होतं. आता कान तापले.

“नमस्कार. मी बोलतोय... आधी मला तुमची माफी—”

“माफी राहू द्या. गट कोणता?”

त्यांनी सांगितला. पलीकडे कळफलक वाजला.

“अहो, मग आमच्यापर्यंत कशाला येता? तुम्ही नेलेल्या अकरांमध्ये याच गटाच्या दोन आहेत की!”

जिन्यावरून कुणी वर गेलं, कुणी खाली आलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

“त्या वितळल्या,” ते शेवटी म्हणाले. “आमच्याच विमानतळावर.”

पलीकडे पुन्हा कळफलक वाजला.

“बरं. आपल्या नऊपैकी... आठपैकी एकाकडे दोन पिशव्या दिसतायत. विचारते त्यांना. रक्ताचा रिपोर्ट पाठवून ठेवा.”

“आम्ही आता सभासद नाही आहोत,” हे त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. सवय, दुसरं काय!

“पेशंट आहे ना?” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पिशव्या चारच्या विमानाने निघाल्या. उपसचिव स्वतः कस्टमच्या खिडकीशी उभे राहिले, ज्याला-त्याला साहेब साहेब करत. खोकं मांडीवर घेऊन ते दवाखान्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं, दोन्ही पिशव्या लागल्या. लेक वाचली. नातही वाचली, एवढीशी, पण रडली मात्र खणखणीत.

बायकोने डॉक्टरीणबाईंचे हात हातात घेतले आणि सोडेचना. उपसचिवांचेही डोळे भरून आले. किती दिवसांनी त्यांना स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं. देवाने एक चूक सुधारायची संधी दिली, असं त्यांना वाटलं.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “यापुढे असं दुर्मिळ रक्त कुणालाही लागलं तर थेट मला सांगत जा. परवानगीचं मी बघतो.”

डॉक्टरीणबाई रजिस्टरमध्ये वेळ लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“ही चौथी होती, साहेब. आधीच्या तिघी गेल्या. त्यांच्यासाठी मागितलेली परवानगी तुमच्याकडून अजून यायची आहे.”