पदराखालचा रस्ता

"बाप्पा जागचे हलणार नाहीत," काकूंनी बजावलं.

बिनटपाच्या त्या नव्या लाल स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड तो केवढासा! मधोमध गणपती बसलेला. शेवटी उकिडवेकाकांनी रस्ता दाखवणारं यंत्र काकूंच्या समोर काचेवर चिकटवलं. बायकोला रस्ता विचारायची कटकट कायमची मिटावी म्हणून चार दुकानं पालथी घालून त्यांनी ते निवडलं होतं.

हायवेला लागताच यंत्राचा आवाज वाऱ्यावर उडून गेला आणि उन्हात त्याचा पडदा आरशासारखा चमकू लागला. काका वैतागले. काकूंनी मुकाट्याने यंत्रावर पदर धरला, पदरात डोकं खुपसलं आणि आतून ओरडून रस्ता सांगायला सुरुवात केली.

"अगं, महाबळेश्वरचा फाटा मागे गेला ना?"

"यंत्र म्हणतंय, साताऱ्यावरून सोपं पडेल!"

यंत्रच म्हणतंय म्हटल्यावर काकांनी गाडी साताऱ्याकडे दामटली. साताऱ्यात दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळून गाडी एका फाटकापाशी थांबली. काकूंची धाकटी बहीण नव्या गाडीला ओवाळायला ताम्हण घेऊन उभीच होती. घरातून पुरणाचा वास येत होता. आणि ज्या साडूंशी काका तीन वर्षं बोलत नव्हते, ते खाली मान घालून फाटक उघडत होते.

काकांनी गर्रकन यंत्राकडे पाहिलं. ते केव्हाचं बंद होतं.

काकूंनी पदर सावरला. "यंत्र मात्र झकास निवडलंत हो!"