मागचं दार

हे लिहिणारच नव्हतो. लाज वाटते.

पाच वर्षांपूर्वी कागदांची मुदत संपली, काही महिने तपासणीवाल्यांपासून पळत काढले, आणि मग मी हा देश सोडून गेलो होतो. आता रीतसर परवाना घेऊन परत आलोय. काम पूर्वीच्याच लॉण्ड्रीत, हॉटेलांच्या चादरी धुवायचं. हे घडलं तो कामाचा तिसरा दिवस होता.

शेजारी इस्त्रीच्या टेबलावर वकील. उठसूट वाद घालतो म्हणून वकील. बाकी त्याच्याकडे इथं राहायचा एकही कागद नाही.

"बघू तुझा परवाना," तो म्हणाला. "फोटोत बराच सज्जन दिसतोस की. कुणाचा लावलास?"

तेवढ्यात पुढच्या दारातून दोन गणवेशवाले आत आले. कागद तपासणारे.

आणि मी पळालो. परवाना हिसकावून खिशात कोंबला, आणि तरी पळालो. चादरींची ढकलगाडी आडवी पाडली, मागच्या दारानं गल्लीत, गल्लीतून थेट पुलापर्यंत. तिथं दोघांनी मला धरलं. परवाना पाहिला. उलटा करून पाहिला.

"अरे, हा तर खरा आहे! मग पळालास कशाला?"

मला रडू आलं. त्यातला एक म्हणाला, "पुन्हा असं केलंस तर हा रद्द होईल. लक्षात ठेव."

परत आलो तर वकिलाची जागा रिकामी. चादर अर्धी दुमडलेली, इस्त्री नीट उभी करून ठेवलेली. पुढच्या दारानं तो चालत निघून गेला होता.

संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. दाराशी भरलेली बॅग, ती कायमचीच तिथं असते. त्याची लेक तिच्यावर बसून गृहपाठ करत होती. तिला आई नाही.

"गाढवा," वकील म्हणाला, "कागद असताना पळतं का कुणी?"

"पायांना सांगायचं राहून गेलं."

तो हसला. मग एकदम थांबला.

"दोघंही तुझ्याच मागे आले?"

"दोघंही."

त्यानं लेकीकडे पाहिलं.

"ते परत येतील रे."

रद्द होण्याचं मी त्याला सांगितलं नाही.

"येऊ देत," मी म्हणालो. "तू आपला पुढच्या दारानं चालत निघ. पळायचं ते मी पळेन."